स्पेनमधला अंधार, ग्रिडचं गणित आणि सोडियमच्या बॅटऱ्या

तारमापक (धागाकर्ता)

२८ एप्रिल २०२५, स्पेनच्या घड्याळात दुपारचे १२ वाजून ३३ मिनिटं. लख्ख ऊन, विजेची टंचाई नाही, उलट शेजाऱ्यांना निर्यात चालू. आणि अर्ध्या मिनिटाच्या आत स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची सगळी वीज गेली. स्पेनच्या सरकारनं तेव्हा सांगितलं की पाच सेकंदांत सुमारे १५ गिगावॉट निर्मिती नाहीशी झाली, म्हणजे त्या क्षणाच्या मागणीच्या ६० टक्के.

दुसऱ्या दिवसापासून दोन तट पडले. एक म्हणे सौरऊर्जेनं घात केला, दुसरा म्हणे सौरऊर्जेचा काडीमात्र संबंध नाही. जूनमध्ये स्पेन सरकारचा अहवाल आला. ऑक्टोबरमध्ये युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या संघटनेनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीनं घटनाक्रम सेकंदा-सेकंदानं मांडला. हे दोन्ही वाचले की त्या भांडणात फारसा दम उरत नाही. झालं ते थोडक्यात असं:

१२ वाजून ३ मिनिटांच्या सुमारास ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या एकमेकांशी जोडलेल्या जाळ्यात, ०.६ हर्ट्झचे हेलकावे दिसले. ते शमतात न शमतात तोच १२ वाजून १९ मिनिटांनी ०.२ हर्ट्झचे हेलकावे सुरू झाले, म्हणजे दर पाच सेकंदांना एक. हा दुसरा प्रकार अख्ख्या युरोपच्या ग्रिडचा ओळखीचा आहे, खंडाचं एक टोक दुसऱ्या टोकाच्या विरुद्ध डोलतं. नियंत्रण कक्षानं शिकवल्याप्रमाणे उपाय केले. फ्रान्सकडे जाणारी निर्यात कमी केली, बंद ठेवलेल्या काही लाइन पुन्हा जोडल्या. हेलकावे थांबले. पण लाइन जास्त आणि त्यांतून वाहणारी वीज कमी, अशी स्थिती झाली की व्होल्टेज चढतं. ते चढलं.

१२:३२:५७ ला ग्रनादा भागात एक ट्रान्सफॉर्मर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप ग्रिडपासून तुटला, आणि त्याच्यामागची ३५५ मेगावॉट निर्मिती सुटली. मग बादाखोस, सेव्हिया. सुटणारा प्रत्येक प्रकल्प व्होल्टेज खाली ओढण्याचं थोडंफार काम करत होता, ते काम थांबलं, व्होल्टेज आणखी चढलं, त्यानं पुढचा प्रकल्प सुटला. १२:३३:१९ ला बाकी युरोपशी सूर तुटायला लागला, २१ ला फ्रान्सच्या एसी लाइन सुटल्या, २४ ला सगळं शून्य. चढत्या व्होल्टेजच्या साखळीनं संपूर्ण ग्रिड बसण्याची युरोपातली ही पहिलीच घटना असं समितीनं म्हटलं आहे.

माझं मत स्पष्ट सांगतो. स्पेनच्या तेव्हाच्या नियमानुसार पवन आणि सौर प्रकल्पांनी ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे कामाची वीज आणि व्होल्टेज हलवणारी रिॲक्टिव्ह पॉवर यांचं प्रमाण कायम ठेवून, चालायचं होतं. व्होल्टेज चढो की उतरो, त्यांनी हलायचं नाही. त्यांच्या इन्व्हर्टरमध्ये (डीसी वीज ग्रिडच्या एसीत बदलणाऱ्या यंत्रात) व्होल्टेज सावरायची क्षमता होती, नियमानं ती मागितलीच नव्हती. ज्या पारंपरिक केंद्रांकडून ती मागितली होती, त्यांच्यातल्या काहींनी अपेक्षेइतकी दिली नाही, असं सरकारी अहवाल म्हणतो. दोष ठेवायचाच तर तो या व्यवस्थेला, उन्हाला नाही. जूनमध्ये तिथल्या नियामकानं तो नियम बदलला, हेही बोलकं आहे.

धागा काढायचं खरं कारण वेगळं आहे. माझ्या वाचनात तीन गोष्टी इतके दिवस वेगवेगळ्या येत होत्या: एकमेकांशी जोडलेल्या आंदोलकांचं (लयीत हेलकावणाऱ्या गोष्टींचं) गणित, ग्रिड सावरणारे नव्या प्रकारचे इन्व्हर्टर, आणि साठवणीसाठी सोडियम बॅटऱ्यांचं रसायनशास्त्र. या घटनेनंतर वाटायला लागलं की हा एकच प्रश्न आहे: वीज तयार करणं सोपं झालंय, ती स्थिर धरून ठेवायची कशी? इथे तिन्ही बाजूंची माणसं आहेत. लिहा.

४०० केव्ही

अनेक वर्षं सबस्टेशनला शिफ्ट केली आहे, आता निवृत्त. तुमचा घटनाक्रम वाचताना अंगावर काटा आला, कारण यातला प्रत्येक टप्पा हाताखालून गेलेला आहे. फक्त आमच्याकडे वेळ मिळायचा, त्यांना मिळाला नाही.

चढं व्होल्टेज हे आमच्याकडे पावसाळ्यातल्या रात्रीचं दुखणं. पाऊस चांगला लागला की शेतीपंप बंद, एसी बंद, रात्री दोन-अडीचला लोड तळाला जातो. ४०० केव्हीचा (किलोव्होल्टचा) बस, म्हणजे सगळ्या लाइन जिथे जोडतात ती मुख्य पट्टी, ४१५, ४१८ असा सरकत ४२० ला टेकायला लागतो. आपल्याकडची मर्यादा ४२०. अशा वेळी ट्रान्सफॉर्मरचा आवाजसुद्धा बदलतो, सरावलेल्या माणसाला पॅनेलकडे न बघता कळतं. आधी बस रिॲक्टर घ्यायचा. ट्रान्सफॉर्मरचे टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायचे टप्पे) बघायचे. तरी नाही उतरलं तर कळव्याच्या भार प्रेषण केंद्राला फोन, तिथून कोड घ्यायचा आणि एखादी हलकी चाललेली लाइन चक्क हातानं उघडायची. नोंदवहीत लिहायचं, 'चढ्या व्होल्टेजसाठी उघडली'. नवख्या मुलांना याचं फार आश्चर्य वाटायचं, धडधाकट लाइन आपणच का बंद करतो म्हणून.

स्पेनवाल्यांनी नेमकं उलट केलं, कारण त्यांना आधी हेलकावे मारायचे होते. हेलकाव्याला औषध म्हणून लाइन जोडायच्या, चढ्या व्होल्टेजला औषध म्हणून लाइन उघडायच्या. दोन्ही दुखणी एकदम आली तर ऑपरेटरनं काय करावं? त्या कक्षात बसलेल्या लोकांना मी दोष देणार नाही.

आणखी एक. त्यांची ४०० केव्हीची वरची मर्यादा ४३५ आहे, बाकी युरोपात बहुतेक ठिकाणी ४२०. म्हणजे प्रकल्प सुटायच्या पातळीपर्यंत मोकळी जागा मुळातच कमी. मला यातली सगळ्यात काळजीची गोष्ट हीच वाटली.

वाचनवेडी

धागा आवडला, पण रिॲक्टिव्ह पॉवर, पॉवर फॅक्टर हे शब्द आले की माझी गाडी अडते. मी वाणिज्य शाखेची. लाइनमधून वीज कमी वाहिली तर व्होल्टेज वाढतं, हे कसं?

४०० केव्ही

ताई, प्रश्न अगदी मुळाचा आहे. उंच मनोऱ्यांवरची लांब तार आणि खालची जमीन मिळून एक मोठा कपॅसिटर होतो. तार नुसती चार्ज केली, पलीकडे काही जोडलं नाही, तरी ती रिॲक्टिव्ह पॉवर तयार करत राहते. ४०० केव्हीच्या लाइनचं प्रमाण दर किलोमीटरला साधारण अर्धा एमव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवर मोजायचं एकक) धरा. ३०० किलोमीटरची लाइन म्हणजे दीडशेच्या आसपास. ही पॉवर काम करत नाही, दिवा लावत नाही. दर चक्रात विद्युत क्षेत्रात साठते आणि परत येते. पण ती जास्त झाली की व्होल्टेज वर ढकलते.

आता त्याच लाइनमधून भरपूर करंट गेला की तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ही रिॲक्टिव्ह पॉवर खाऊन टाकतं. म्हणून भरलेल्या लाइनला व्होल्टेज पडतं आणि रिकाम्या लाइनला चढतं. लंडनच्या डेप्टफर्ड केंद्राच्या केबलवर १८९० च्या सुमारास हे पहिल्यांदा लक्षात आलं, तिथल्या अभियंत्याच्या नावानं याला फेरांटी परिणाम म्हणतात. आमचा रिॲक्टर म्हणजे लोखंडी गाभ्यावरची मोठी गुंडाळी, तिचं काम ही जास्तीची पॉवर खाणं एवढंच.

वाचनवेडी

कळलं. म्हणजे निर्यात कमी केली तेव्हा लाइन रिकाम्या झाल्या. धन्यवाद काका.

शून्यलब्ध

गणिताच्या बाजूनं लिहितो.

ग्रिडमधलं प्रत्येक फिरतं जनित्र हा एक आंदोलक. सगळ्यांची स्वतःची लय थोडी थोडी वेगळी, पण तारांनी बांधल्यामुळे एकाच ठेक्यावर यावं लागतं. लेझीम पथकात पुढच्या-मागच्यांकडे बघत जो तो आपला हात जुळवून घेतो, तसं. जपानी भौतिकशास्त्रज्ञ योशिकी कुरामोटो यांनी १९७५ मध्ये यासाठी एक फार सुटसुटीत समीकरण मांडलं. जोडणीची ताकद एका मर्यादेच्या वर गेली की लय आपोआप जुळते, खाली राहिली तर विस्कटते. २०१३ मध्ये डॉर्फलर, चेर्तकोव्ह आणि बुलो यांनी हीच अट कुठल्याही आकाराच्या ग्रिडसाठी तपासता येईल अशा रूपात दिली. त्याआधी असे निष्कर्ष बहुतेक 'सगळे सगळ्यांना जोडलेले' अशा आदर्श जाळ्यांपुरते असायचे.

माझ्या आवडीचा भाग पुढे आहे. रस्ते वाहतुकीत डीट्रिश ब्राएस यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की नवा रस्ता बांधल्यानं सगळ्यांचा प्रवास लांबू शकतो. २०१२ मध्ये विटहाउट आणि टिमे यांनी तेच आंदोलकांच्या जाळ्यात दाखवलं: नवी तार जोडली आणि जुळलेली लय तुटली. २०२२ मध्ये शेफर आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या खऱ्या एसी जाळ्यावर हे घडवून दाखवलं, आणि नकाशा बघून कुठली तार घातक ठरेल हे आधी ओळखायची रीतही दिली.

स्पेनमध्ये लाइन जोडल्या आणि ग्रिड पडलं. मला हे ब्राएसचंच उदाहरण वाटतं.

तारमापक

शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि फरक महत्त्वाचा आहे म्हणून जरा लांबवतो.

ब्राएसमध्ये नव्या तारेमुळे प्रवाहाची वाटणी बदलते आणि आधीच भरलेल्या एखाद्या तारेवर आणखी ओझं येतं. तिथे कोन, म्हणजे दोन टोकांच्या लयींमधलं अंतर, वाढतो, लय सुटते. स्पेनमध्ये कुठल्याही तारेवर ओझं आलं नव्हतं, उलट सगळ्या हलक्या होत्या. लाइन जोडल्यानं हेलकावे खरोखरच शमले, म्हणजे लयीच्या दृष्टीनं ती जोडणी फायद्याचीच ठरली. नुकसान झालं ते व्होल्टेजच्या बाजूनं. आणि तुम्ही सांगितलेल्या साध्या समीकरणात व्होल्टेज स्थिर धरलेलं असतं. फक्त कोन हलतात. जे बिघडलं ते त्या समीकरणात दिसूच शकत नाही.

मला वाटतं गणितातल्या लोकांसाठी इथे मोठं काम पडलेलं आहे. कोन आणि व्होल्टेज दोन्ही हलणारी, वर प्रकल्प ठरावीक पातळीला झटकन सुटतात हा नियम धरणारी प्रतिरूपं. सिम्युलेशन करणारे भरपूर आहेत, पण सिद्ध झालेल्या अटी फार थोड्या.

शून्यलब्ध

मान्य. व्होल्टेज चल धरलं की समीकरणं कितीतरी अवघड होतात, हेही खरं. एसी ग्रिडमध्ये सगळ्यात स्वस्त वाटणी शोधण्याचा प्रश्न कार्पांतिए यांनी १९६२ मध्ये मांडला, आणि तो सर्वसाधारण रूपात एनपी-कठीण आहे (अचूक उत्तर झटपट काढायची रीत माहीत नसलेल्या प्रश्नांइतका अवघड) हे आता सिद्ध झालेलं आहे. २०१२ मध्ये लावाई आणि लो यांनी दाखवलं की काही विशिष्ट स्थितींत तो सोप्या, बहिर्वक्र रूपात नेऊन अचूक सोडवता येतो. तेव्हापासून या विषयावर गणितज्ञांची गर्दी आहे.

वाचनवेडी ताईंसारख्यांसाठी ब्राएसचं एक उदाहरण कागदावर करून दाखवतो, कॅल्क्युलेटरही लागत नाही.

चार गावं घ्या: अ, ब, क, ड. अ ला वीजकेंद्र, ड ला शहर. दोन वाटा: अ-ब-ड आणि अ-क-ड. अ-ब चा अडथळा १, ब-ड चा ३, अ-क चा ३, क-ड चा १. दोन्ही वाटांची बेरीज ४, म्हणून १२० मेगावॉट पाठवले तर ६०-६० अशी समान वाटणी. आता ब आणि क यांच्यामध्ये अडथळा १ ची नवी लाइन बांधा. गणित केलं की अ-ब वर ८०, अ-क वर ४०, नव्या ब-क वर ४०, ब-ड वर ४० आणि क-ड वर ८० येतात. प्रत्येक लाइनची मर्यादा ७० असेल, तर आधी १४० मेगावॉट पाठवता येत होते. नव्या लाइननंतर १०५ च. पैसे खर्च करून क्षमता चौथाईनं घटली.

आणखी गंमत म्हणजे अ आणि ड मधला एकूण अडथळा नव्या लाइननं कमीच झाला. जाळं एकूण 'सुधारलं', पण सुधारणेचा सगळा भार दोन लाइनवर गेला.

४०० केव्ही

हे उदाहरण प्रशिक्षणात द्यायला हवं. ३० जुलै २०१२ ला उत्तर ग्रिड बसलं तेव्हा बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची लाइन आधी सुटली. तिच्यावर दोष नव्हता, नुसता जादा लोड होता. पण झोन-३ च्या रिलेला (दोष दिसला की लाइन तोडणाऱ्या यंत्राला) तो दोषासारखा दिसला. ती सुटल्यावर वीज पूर्वेकडच्या लांबच्या वाटेनं उत्तरेकडे जायला बघू लागली आणि कोन सुटला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य अशी तिन्ही ग्रिड गेली. साठ कोटींहून जास्त लोक त्या भागांत राहतात. आपलं पश्चिम ग्रिड दोन्ही दिवस तगलं, त्या दोन दिवसांत फ्रिक्वेन्सीचा काटा कसा धावला ते मी विसरणार नाही.

पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिण ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत आलं. सोलापूरकरांनाही हे फारसं ठाऊक नसतं, की अख्ख्या देशाची वीज एका ठेक्यावर आणणारी ती गाठ त्यांच्या जिल्ह्यात मारली गेली.

लिस्बनकर

पोर्तुगालमध्ये राहतो. आमच्याकडे साडेअकरा वाजले होते. आधी वाटलं इमारतीपुरतं आहे. मग सिग्नल बंद, मेट्रो बंद, थोड्या वेळानं मोबाइलचं नेटवर्कही गेलं. दुपारी दुकानांतून लोक बॅटरीवर चालणारे रेडिओ शोधत होते. शेजारच्या आजींकडे जुना रेडिओ होता, त्यांच्या जिन्यात आम्ही सगळे जमलो. रात्री उशिरा वीज आली.

मला एक विचारायचं आहे. पूर्ण अंधारातून ग्रिड पुन्हा उभं कसं करतात? केंद्र सुरू करायलाही वीज लागते ना?

४०० केव्ही

लागते. कोळशाच्या केंद्राला तर पंप, पंखे, गिरण्या यांना मिळून भरपूर लागते. म्हणून सुरुवात जलविद्युतनं होते. दार उघडलं, पाणी सोडलं, छोट्या डिझेल संचावर गव्हर्नर (वेग सांभाळणारा) आणि एक्सायटेशन (चुंबकीय क्षेत्र देणारं) चाललं की यंत्र फिरायला लागतं. त्याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. स्पेनला त्याखेरीज फ्रान्स आणि मोरोक्कोकडून वीज मिळाली. मग बेटं बेटं उभी करायची आणि लय जुळवून एकमेकांना जोडायची. पहिली तार चार्ज करताना तीच भीती, रिकामी लाइन आणि चढणारं व्होल्टेज. पहाटेपर्यंत त्यांनी जवळजवळ सगळं परत आणलं, हे काम वाखाणण्यासारखं आहे.

करवंटी

मी बॅटरीच्या रसायनशास्त्रात काम करते, म्हणून सोडियमबद्दल लिहिते. माझा विषय असल्यानं जरा सविस्तर होईल, सांभाळून घ्या.

सोडियम बॅटरीचं तत्त्व लिथियमसारखंच. आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातात आणि परत येतात. ओढ कशाची, तर सोडियम मिठातूनही मिळतं, आणि सोडियम ॲल्युमिनियमशी मिश्रधातू करत नसल्यामुळे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पत्री चालते. लिथियममध्ये एका बाजूला तांबंच लागतं. शिवाय ही बॅटरी शून्य व्होल्टपर्यंत उतरवून निर्धास्त वाहून नेता येते.

अडचण ऋण बाजूची. लिथियम ग्राफाइटच्या थरांत सहज शिरतं, सोडियम शिरत नाही. याचं कारण बहुतेक ठिकाणी 'सोडियमचा आयन मोठा आहे' असं दिलेलं असतं. ते पटण्यासारखं वाटतं, पण टिकत नाही. पोटॅशियम सोडियमहूनही मोठं आहे आणि ते ग्राफाइटमध्ये व्यवस्थित शिरतं. खरं कारण बांधणीच्या ऊर्जेत आहे. आवर्त सारणीत त्या स्तंभात खाली जाताना आयनीकरणाची ऊर्जा कमी होते आणि आयनाचा आकार वाढतो. या दोन प्रवृत्ती एकमेकींविरुद्ध ओढतात, आणि सोडियम नेमकं अशा जागी येतं जिथे कार्बनशी त्याचं बंधन सगळ्यात कमकुवत पडतं. २०१६ मध्ये गॉडर्ड यांच्या गटानं हे गणनेनं नीट मांडलं. ते वाचल्यावर मला हा प्रश्न वेगळाच दिसायला लागला. थरांमधलं अंतर वाढवून भागणार नाही, कार्बनची रचनाच बदलायला हवी, हे त्यातून कळतं.

म्हणून हार्ड कार्बन. लाकूड, साखर, नारळाची करवंटी असा सेंद्रिय पदार्थ हवेशिवाय हजार अंशांच्या वर भाजला की वेडेवाकडे, विस्कटलेले थर आणि मधे बंद पोकळ्या असलेला कार्बन मिळतो. २००० मध्ये स्टीव्हन्स आणि डान यांनी यात सोडियम साठवता येतं हे दाखवलं. तरी आयन नेमका आधी थरांत जातो की पोकळ्यांत, यावर अजूनही एकमत नाही. प्रत्येक गट आपल्या आलेखाचा वेगळा अर्थ लावतो. करवंटीचा फायदा असा की तिची घट्ट रचना भाजल्यावरही टिकते. एक जपानी कंपनी याच कच्च्या मालावर ऋण बाजूचा कार्बन बनवते. माझं सदस्यनाम त्यावरूनच.

पुण्यात याच विषयावर चांगलं काम झालं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केपीआयटी या कंपनीनं आयसर पुण्याचे डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या संशोधनावर आधारलेलं सोडियम बॅटरीचं तंत्रज्ञान जाहीर केलं. ग्रिडसाठी म्हणाल तर चीनच्या हुबेई प्रांतात २०२४ मध्ये ५० मेगावॉट, १०० मेगावॉट-तासांचं सोडियम साठवण केंद्र सुरू झालं.

रोखठोक

वाचायला छान आहे, पण बाजार वेगळं सांगतो. लिथियमचे भाव २०२२ च्या शिखरावरून कोसळले आणि सोडियमचं स्वस्तपणाचं भांडवलच गेलं. अमेरिकेतली नॅट्रॉन एनर्जी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली, बेडरॉक मटेरियल्सनं त्याआधी एप्रिलमध्येच गाशा गुंडाळला. प्रयोगशाळेत चमकतं ते सगळं कारखान्यात टिकत नाही.

करवंटी

दोन्ही बातम्या खऱ्या आहेत आणि त्या वाचून वाईट वाटलं, विशेषतः नॅट्रॉनची. त्यांचं रसायन वेगळं होतं, दोन्ही बाजूंना प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याच्या कुळातले पदार्थ. ऊर्जा कमी, पण झटपट चार्ज-डिस्चार्ज आणि प्रचंड आयुष्य.

पण त्यावरून सोडियमच संपलं असं म्हणता येत नाही. चीनच्या सीएटीएल कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये १७५ वॉट-तास प्रति किलोची सोडियम बॅटरी जाहीर केली. ती लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रचलित लिथियम बॅटरीच्या जवळ जाते. ग्रिडच्या साठवणीत वजन हा मुद्दाच नसतो, बॅटरी जागेवर बसलेली असते. तिथे थंडी-उन्हात टिकणं, आगीची जोखीम आणि वीस वर्षांचा खर्च बघतात. आणि भाव पडले तसे चढतातही. ज्या देशाकडे स्वतःचं लिथियम शुद्धीकरण नाही, त्यानं दुसरा पर्याय हाताशी ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

वाचनवेडी

जाता जाता विचारते. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या सच्छिद्र स्फटिकांना मिळालं, ते यात कुठे बसतं?

करवंटी

साठवणीशी थेट नाही, पण विचाराची पद्धत जवळची आहे. कितागावा, रॉब्सन आणि याघी या तिघांना ते धातू-सेंद्रिय चौकटींसाठी मिळालं. धातूचे आयन म्हणजे गाठी, सेंद्रिय रेणू म्हणजे दांडे. रॉब्सन मेलबर्नला विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांची स्फटिकांची प्रतिरूपं करून घेत होते. गोळ्याला भोकं कुठे पाडायची यातच पुढचा सगळा आकार ठरलेला असतो, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. ती कल्पना खऱ्या रेणूंवर १९८९ मध्ये उतरली, हिऱ्याच्या जाळीसारखी रचना मिळाली. आज या क्षेत्रात आधी गणितातल्या जाळ्यांच्या याद्या बघून मग रेणू निवडतात.

याच्या सेंद्रिय भावंडांमध्ये, म्हणजे धातूशिवायच्या चौकटींमध्ये, पुण्याचा वाटा मोठा आहे. सुरुवातीच्या अशा चौकटी पाण्यातसुद्धा विरघळून किंवा मोडून जायच्या. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटानं २०१२ मध्ये आम्ल आणि अल्कली दोन्हींत टिकणाऱ्या चौकटी करून दाखवल्या. जगभर ती कृती वापरली जाते.

माळरान

मराठवाड्यातून लिहितोय. सौर कृषी वाहिनी योजनेत आमच्या ३३ केव्ही सबस्टेशनला सौर प्रकल्प जोडला गेलाय. दिवसा पाणी देता येतं, रात्रीचं जागरण आणि साप-विंचवाची भीती गेली, हा फायदा फार मोठा आहे, आधी तो सांगतो. पण पाऊस झाल्यावर सगळ्यांच्या मोटारी बंद आणि ऊन कडक, अशा दुपारी फीडरला व्होल्टेज चढतं. घरातले दिवे पिवळ्याचे पांढरे होतात, एक-दोन बल्ब गेले. स्पेनसारखंच का हे? तिथे बॅटरी बसवली तर उपयोग होईल का, आणि ती काय करेल?

तारमापक

कारण जवळचं आहे, पण उपाय थोडा वेगळा. ४०० केव्हीच्या लाइनमध्ये रोध नगण्य असतो, म्हणून तिथे व्होल्टेज जवळजवळ सगळं रिॲक्टिव्ह पॉवरवर चालतं. ११ केव्हीच्या बारीक तारेत रोध बराच असतो. तिथे खरी वीज उलट्या दिशेनं सबस्टेशनकडे वाहिली की तेवढ्यानंच व्होल्टेज चढतं. म्हणून तुमच्याकडे दोन्ही हत्यारं लागू पडतात. पहिलं, सौर प्रकल्पाच्या इन्व्हर्टरनं रिॲक्टिव्ह पॉवर खाणं. नवं यंत्र लागत नाही, फक्त सेटिंग लागतं. स्पेनमध्ये नेमकं हेच करायचं राहिलं होतं. दुसरं, बॅटरीनं दुपारची जास्तीची खरी वीज तिथल्या तिथे पोटात घेणं आणि संध्याकाळी देणं.

आता इन्व्हर्टरचे दोन प्रकार समजून घ्या. एक ग्रिडची लय बघून तिच्यामागे जातो. दुसरा स्वतः व्होल्टेज आणि लय धरतो, त्याला ग्रिड-फॉर्मिंग म्हणतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेलची १५० मेगावॉटची बॅटरी २०२२ पासून अशा पद्धतीनं जडत्वाची, म्हणजे ग्रिडची लय एकदम बदलू न देण्याची, सेवा देते. स्कॉटलंडमध्ये ब्लॅकहिलॉकला २०० मेगावॉटची मार्च २०२५ मध्ये सुरू झाली. बॅटरी घ्यायचीच असेल तर दुसऱ्या प्रकारच्या इन्व्हर्टरसह मागा. खर्चाचा मोठा भाग बॅटरीचाच असतो, इन्व्हर्टरमुळे फारसा फरक पडत नाही.

४०० केव्ही

माळरान, बॅटरी येईल तेव्हा येईल. आधी एक काम करा. तुमच्या सबस्टेशनला ११ केव्हीचा कपॅसिटर बँक असेल, तो शेतीपंपांच्या काळात व्होल्टेज उचलायला बसवलेला असतो. मोटारी बंद असताना तो तसाच चालू राहिला तर चढ्या व्होल्टेजमध्ये भरच घालतो. ऑपरेटरला विचारा, त्या दुपारी बँक चालू होता का. नोंदवहीत वेळ लिहिलेली असते. आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप कुठल्या नंबरवर आहे तेही पाहून इथे लिहा, मग पुढचं बघू.

माळरान

टॅप उद्या सकाळी जाऊन बघतो काका. कपॅसिटर बँक आहे एवढं नक्की, आमच्या बाजूच्या कुंपणालगतच बसवलेला आहे आणि गेल्या आठवड्यात भर पावसानंतरही त्याचा गुणगुण आवाज येत होता.